शिवनेरी पहिल्यांदा बघताना: गड, लेणी आणि नाणेघाटाची वाट

शिवनेरीला जाणाऱ्या बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. सकाळी ओझर, मग लेण्याद्री, दुपारच्या उन्हात तासाभरात गड उरकायचा, पाळण्यापाशी फोटो आणि संध्याकाळी परत. अष्टविनायकाच्या गाडीतून आलेल्यांना इलाज नसतो, पण स्वतःच्या गाडीने किंवा एसटीने येणाऱ्यांनी तरी असं करू नये. दोन दिवस काढा, एक रात्र जुन्नरला मुक्काम करा. एकच दिवस मिळत असेल तर शिवनेरी आणि लेण्याद्री एवढंच करा आणि बाकीचं पुढच्या खेपेला ठेवा.

या मुलखातली सगळी ठिकाणं एका रस्त्यामुळे उभी राहिली. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने वर चढायचा, जुन्नरमार्गे पैठणला जायचा. त्या रस्त्यावर व्यापारी आले, त्यांच्या पैशातून लेणी झाली, रस्त्याची राखण करायला किल्ले झाले, आणि सत्ता बदलत गेल्या तसे गुंबद आणि मशिदीही झाल्या. हा रस्ता डोक्यात ठेवून हिंडलात तर शिवनेरी, लेण्याद्री, चावंड, नाणेघाट ही चार वेगळी ‘स्पॉट’ वाटत नाहीत. म्हणून खालचा क्रमही मी तसाच लावला आहे: आधी गड, मग लेणी, दुसऱ्या दिवशी घाट.

कधी जावं, कधी टाळावं

सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ उत्तम. पाऊस सरता सरता गेलात तर पठारांवर सोनकी फुललेली असते आणि गडावरची टाकी काठोकाठ भरलेली असतात. भर पावसात गड बघायला सुंदर दिसतो, पण दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि नाणेघाटात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. गर्दीमुळे प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी बंदीही घालतं, तेव्हा निघण्याआधी स्थानिक बातम्या बघा. एप्रिल-मे मध्ये जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत गडावरून खाली उतरायच्या बेताने चढा.

१९ फेब्रुवारीला आणि तिथीच्या शिवजयंतीला गडावर पाय ठेवायला जागा नसते. तो सोहळा अनुभवायचा असेल तर जरूर जा. गड बघायचा असेल तर ते दोन दिवस सोडून जा. चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, लेण्याद्री आणि ओझर इथे तीच गत.

पोहोचायचं कसं

पुण्याहून चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे जुन्नर. अंतर साधारण ९५ किलोमीटर. कागदावर अडीच तासांचा रस्ता आहे, पण चाकणची कोंडी गाठली तर तासभर तिथेच जातो. यावर उपाय एकच, पहाटे निघा. सहाच्या आत चाकण मागे टाकलं की पुढे अडत नाही. पुण्याच्या शिवाजीनगर आगाराहून (ते आता वाकडेवाडीला हलवलं आहे) जुन्नरच्या एसटी गाड्या आहेत. थेट गाडी मिळाली नाही तर नाशिककडे जाणारी कोणतीही गाडी धरून नारायणगावला उतरा. तिथून जुन्नर पंधरा किलोमीटर. एसटी नाहीतर वडाप मिळतंच.

मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांनी कल्याण, मुरबाड, माळशेज घाट असा रस्ता धरावा. घाट चढून आल्यावर पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी डावीकडे दिसू लागतं. पुढे बनकर फाट्यावर उजवीकडे वळलात की गणेश खिंडीतून थेट जुन्नर. आळेफाट्यापर्यंत जाऊन वळसा घालण्याची गरज नाही. नाशिककरांना मात्र आळेफाटा-नारायणगाव हाच सरळ रस्ता.

जुन्नरला रेल्वे नाही. मुक्कामाला गावात साधी लॉज आहेत, लेण्याद्री आणि ओझरला देवस्थानांचे भक्तनिवास आहेत, आणि आसपासच्या गावांत कृषी पर्यटन केंद्रं बरीच झाली आहेत. पहिल्या खेपेला मी गावातच राहायला सांगेन. सकाळी गडाच्या पायथ्याला पोहोचायला दहा मिनिटं पुरतात.

सोबत काय घ्यायचं

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, चांगली पकड असलेले बूट आणि एक मोठा सुती रुमाल किंवा ओढणी. रुमाल उन्हासाठी आहेच, पण त्याचं खरं कारण मधमाश्या आहेत. शिवनेरीच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि माश्या उठल्याच्या घटना अधूनमधून होत असतात. अत्तर किंवा सेंट मारून गडावर जाऊ नका, विडी-सिगारेट पेटवू नका, कड्याखाली फटाके-शिट्ट्या-आरोळ्या नकोत. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-मान रुमालाने झाका आणि आलात त्या वाटेने लवकर दूर व्हा. कड्याच्या कडेकडे पळणं सगळ्यात धोक्याचं.

लेण्यांसाठी हातबत्ती ठेवा. मोबाइलचा उजेड जवळच्या अक्षरांना पुरतो, छताला पुरत नाही.

पहिला दिवस, सकाळ: गड चढताना

गाडी थेट पायथ्याच्या वाहनतळापर्यंत जाते. तिथून सात दरवाज्यांची पायऱ्यांची वाट. सवय नसलेल्यालाही पाऊण ते एक तास पुरतो. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनीही दरवाज्या-दरवाज्याला टेकत जावं, चढ जमण्याजोगा आहे. सहलीला आलेली शाळेची पोरं शेजारून पळत जातील, त्यांच्या नादाला लागू नका.

दरवाजे नुसते ओलांडू नका. प्रत्येक दरवाज्याची दिशा बघा: एकातून बाहेर पडलं की वाट वळते आणि पुढचा दरवाजा समोर येईपर्यंत दिसत नाही. वळणावर उभं राहून वर बघितलंत तर वरच्या तटावरच्या माणसाला तुम्ही केव्हापासून दिसत होतात ते कळतं. दरवाज्यांवर शरभाची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची, शिल्पं कोरलेली आहेत, ती मान वर करून शोधा. आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत; उन्हात दम खायला यांच्यासारखी जागा नाही.

पाचव्या, शिपाई दरवाज्यानंतर मुख्य वाट सोडून उजवीकडे एक फाटा जातो. इथेच शंभरातले ऐंशी लोक सरळ वर निघून जातात. तुम्ही उजवीकडे वळा. ही वाट शिवाई देवीच्या देवळाकडे जाते. जिजाबाईंनी या देवीला नवस केला आणि तिच्यावरून शिवाजी हे नाव ठेवलं, असं परंपरा सांगते. देऊळ शांत असतं, पुजाऱ्यांशी दोन शब्द बोलता येतात.

देवळाच्या मागे कड्यात लेण्यांची रांग आहे. शिवनेरी हा आधी लेण्यांचा डोंगर होता, किल्ला फार नंतर झाला. इथल्या ब्राह्मी लेखांत ‘यवन’ म्हणून नोंदलेले दाते आहेत: एकाने संघाला भोजनमंडप दिला, दुसऱ्याने पाण्याची दोन टाकी. ग्रीकांना त्या काळी यवन म्हणत. समुद्रापलीकडून आलेली किंवा इथेच स्थायिक झालेली ती माणसं जुन्नरच्या डोंगरात भिक्खूंच्या पाण्याची सोय करत होती. शिवजन्माच्या दीड हजार वर्षं आधीची ही गोष्ट. लेण्यांच्या पुढ्यातली वाट काही ठिकाणी अरुंद आहे. मुलं हाताशी धरा, पाऊस असेल तर देवळापासूनच मागे फिरा.

गडाला दुसरी एक वाट आहे, साखळदंडाची. जुन्नरच्या बाजूने कड्यात खोदलेल्या पायऱ्या आणि आधाराला साखळ्या. इंटरनेटवर तिचे व्हिडिओ पाहून नवखे लोक तिकडे वळतात. पहिल्या खेपेला अजिबात जाऊ नका, आणि जायचंच असेल तर त्या वाटेची माहिती असलेला माणूस बरोबर घ्या. उतरायला तर ती कधीच निवडू नका.

माथ्यावर

शेवटच्या दरवाज्यातून आत आलं की समोर अंबरखाना, म्हणजे धान्याचं कोठार. आता पडझड झाली आहे, पण भिंतींची जाडी बघण्यासारखी आहे. इथून दोन वाटा फुटतात. एक टेकाडावरच्या कोळी चौथऱ्याकडे आणि ईदगाहकडे जाते, दुसरी शिवकुंजाकडे. आधी टेकाडावर जा, कारण परतताना तिकडे जायचा कंटाळा येतो आणि ते राहून जातं.

कोळी चौथऱ्याची कथा अंगावर येणारी आहे. १६५० च्या सुमारास इथल्या महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध उठाव केला, गड घेतला, पण मोगल फौजेपुढे तो टिकला नाही. पकडलेल्यांचे शिरच्छेद या चौथऱ्यावर झाले असं मानतात. गावातल्या जयंतीच्या भाषणांत याचा उल्लेख फार कमी होतो.

शिवकुंजाकडे जाताना गंगा-जमुना टाकी लागतात. खाली वाकून बघा: आत कातळातच खांब ठेवून टाकं खोदलेलं दिसतं, पाण्यावर खांबांची सावली पडलेली असते. असं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, म्हणून तर गड नांदता राहिला. तरी पिण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नका, आपली बाटली वापरा.

शिवकुंजात जिजाऊ आणि बालशिवाजी यांचा पुतळा आहे. त्यापुढे कमानी मशीद, मग हमामखाना, आणि मग ज्यासाठी सगळे येतात ती शिवजन्मस्थानाची दुमजली इमारत. १९ फेब्रुवारी १६३० चा जन्म इथला. खालच्या खोलीत पाळणा आहे. गर्दी असेल तर रांगेत उभं राहण्याआधी वरचा मजला बघून या. खिडकीतून येणारा वारा आणि खालचं जुन्नर हे दोन्ही तिथूनच भेटतात. समोरचा बदामी तलाव ओलांडून सरळ गेलं की कडेलोटाचं टोक.

टोकाच्या कठड्यापासून आत उभं राहूनच चहूकडे नजर फिरवा. माणिकडोह आणि वडज या धरणांचं पाणी दिसतं, पश्चिमेला चावंड, त्यामागे जीवधन आणि नाणेघाटाची डोंगररांग. हवा स्वच्छ असेल तर उद्याचा अख्खा रस्ता इथे आखता येतो. नकाशा काढून एकेक डोंगर ओळखत बसण्यात पाऊण तास गेला तरी तो वाया जात नाही.

एक गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. ज्या गडावर महाराज जन्मले तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. १६३७ मध्ये तो मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी खाली जुन्नर शहर लुटलं, १६७३ मध्ये किल्लेदाराला फितवून गड घेण्याचा प्रयत्नही झाला, पण तो फसला. त्याच सुमारास जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर जुन्नरला येऊन किल्ला पाहून गेला. मराठ्यांकडे गड आला तो थेट शाहू महाराजांच्या काळात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात शिवनेरी आहे.

दुपार: जुन्नर गाव आणि जेवण

दहा-साडेदहापर्यंत खाली या. जेवायला मासवडी मागा. बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण आणि मसाल्याचं सारण भरून गुंडाळी करतात, तिच्या वड्या कापतात आणि वर झणझणीत रस्सा. सोबत बाजरीची भाकरी. पदार्थ पूर्ण शाकाहारी आहे. रस्सा तिखट असतो. मुलांसाठी वड्या कोरड्या मागून घ्या. चांगली मासवडी ओळखायची खूण अशी की वडी रस्स्यात पडल्यावर सुटत नाही आणि सारणातला तीळ दाताखाली येतो.

ऊन तापलेलं असताना गावाबाहेर हापूसबागेतला सौदागर गुंबद बघून या. चौकोनी, उंच, दगडी इमारत. आत गेलं की एकदम गारवा. तिथे गर्दी कधीच नसते. हा निजामशाही जुन्नरचा अवशेष. मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य जाहीर केलं ते जुन्नरमधूनच, अहमदनगर वसलं त्यानंतर. त्याच्या थोडं आधी, बहमनी काळात, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन जुन्नरला आला आणि पावसाळाभर अडकला. इथल्या सुभेदाराने त्याचा घोडाच काढून घेतला, धर्म बदल तर परत देतो म्हणाला. शेवटी मध्यस्थीने घोडा सुटला. गडाची वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. सकाळी तुम्ही चढून आलात, तेव्हा यात अतिशयोक्ती किती ते तुम्हीच ठरवा.

दुपारनंतर: लेण्याद्री

जुन्नरपासून पाच-सहा किलोमीटर. लेण्याद्रीचा डोंगर दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे भर दुपारी पायऱ्या तापतात. साडेतीनच्या सुमाराला चढायला लागा, पण त्याहून उशीर नको, संध्याकाळी दार बंद होतं. पायऱ्या तीनशेच्या आसपास. चढवत नसेल त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. भाव चढण्याआधी ठरवा. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित ठिकाण असल्याने पायथ्याशी तिकीट काढावं लागतं. ‘देवाला जायला तिकीट कसलं’ म्हणून खिडकीवर हुज्जत घालणारे रोज भेटतात, तुम्ही त्यात भर घालू नका.

माकडं हा इथला खरा मुद्दा. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की ती गेलीच. प्रसाद, केळी, पाण्याची बाटली सगळं पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा. चष्मा सांभाळा. खायला घालू नका.

गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे सातव्या क्रमांकाचं लेणं, मुळातला बौद्ध विहार. इतका मोठा सभामंडप आणि मधे एकही खांब नाही. कडेने भिक्खूंच्या खोल्या आहेत. दर्शन झालं की बहुतेक जण पायऱ्या उतरू लागतात. तुम्ही शेजारच्या सहाव्या लेण्यात शिरा. हे चैत्यगृह, म्हणजे भिक्खूंचं प्रार्थनेचं लेणं, आत स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांची ओळ. खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले हत्ती, सिंह. बत्ती वर धरून एकेक खांब बघा, प्रत्येकावरचे प्राणी सारखे नाहीत. दारावरच्या लेखात दात्याचं नाव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. म्हणजे घाटाखालच्या कल्याणच्या माणसाने घाटावर येऊन हे चैत्यगृह दिलं. रस्त्याची गोष्ट सुरुवातीला सांगितली ती अशी दगडावरच लिहिलेली सापडते.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. एवढी सगळी बघायला जाऊ नका. लेण्यांची गोडी लागली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या पश्चिमेला पाडळीजवळची तुळजा लेणी करा. तिथलं गोल चैत्यगृह, मधे स्तूप आणि भोवती बारा खांबांचं कडं, अशी रचना फार क्वचित बघायला मिळते. मानमोडीचा डोंगर वाटाड्याशिवाय नको. वाटा झाडोऱ्यात हरवतात.

आणि बिबट्या. जुन्नर तालुका उसाचा आहे आणि उसात बिबटे राहतात, ही इथली रोजची वस्तुस्थिती आहे. तिन्हीसांजेला आणि पहाटे उसाच्या कडेने पायी फिरू नका, लहान मुलांना मागे-पुढे एकटं सोडू नका, रस्त्याकडेला अंधारात वाकून बसू नका. पायी जावंच लागलं तर बोलत, बत्ती लावून चला. माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे, पण ते पकडलेल्या आणि जखमी जनावरांसाठी आहे, सहलीचं प्राणिसंग्रहालय नव्हे.

दुसरा दिवस: नाणेघाट

सकाळी लवकर निघा. पेट्रोल जुन्नरलाच भरा आणि सुट्टे पैसे ठेवा. पुढे मोबाइलला रेंज येते-जाते, त्यामुळे फोनवरून पैसे देण्यावर विसंबू नका. रस्ता आपटाळ्यावरून माणिकडोहच्या पाण्याच्या कडेने जातो. वाटेत डावी-उजवीकडे थांबण्याच्या जागा खूप आहेत, पण आधी घाट गाठा, बाकीचं परतताना.

घाटघर हे शेवटचं गाव. महादेव कोळ्यांची वस्ती. इथे जेवणाची सोय घरगुती असते: जाताना सांगून ठेवायचं, परतताना पिठलं-भाकरी किंवा मटण-भाकरी तयार. न सांगता ऐन वेळी दारात उभे राहिलात तर हाल तुमचे आणि त्यांचेही. उन्हाळ्यात अंगणात हिरव्या-काळपट गाठोळ्या वाळत घातलेल्या दिसतील, तो बाळहिरडा. या पट्ट्यातल्या घरांना वर्षाचा रोख पैसा मिळतो तो बराचसा यातून. त्यावरून गाडी वळवू नका, पायही देऊ नका.

घाटघरच्या पुढे पठारावर गाडी लावली की डावीकडे जीवधन, समोर नानाचा अंगठा हे टोक, आणि मधल्या खिंडीत नाणेघाटाचं तोंड. तोंडापाशीच दगडी रांजण आहे. जकात यात टाकत असत असं सांगतात. खिंडीतून दगडी पायऱ्यांनी थोडं खाली उतरलं की गुहा लागते. सातवाहन राणी नागनिका हिच्या लेखाची गुहा ती हीच.

इथे किमान अर्धा तास थांबा. डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत. सातवाहन राजाने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा, म्हणजे गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, यांची यादी आहे. काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. दानाच्या यादीत आकडे येतात, म्हणून अंकांचा इतिहास सांगणारे अभ्यासक या भिंतीकडे आवर्जून येतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता वर नावं उरली आहेत, सिमुक सातवाहन, देवी नागनिका, सातकर्णी, आणि खाली काही ठिकाणी फक्त पावलं. ती शोधा, उकिडवं बसून बत्ती तिरकी धरली की दिसतात. अक्षरांवर पाणी शिंपडणं, खडू घासणं, बोट फिरवणं यातलं काहीही करू नका. भिंतीवर बदामात नावं कोरणाऱ्यांनी आधीच पुरेसं नुकसान केलं आहे.

पावसाळ्यात इथला उलटा धबधबा बघायला झुंबड उडते. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून पाणी वर उडवतो. तोच वारा माणसालाही ढकलतो. धुकं उतरलं की दोन हातांवरचा कडा दिसत नाही, तेव्हा नानाच्या अंगठ्याच्या टोकाकडे जायचं नाही. सेल्फीसाठी कड्याकडे पाठ करून मागे सरकणाऱ्याला सरळ ओरडून थांबवा.

जीवधन आणि त्याला चिकटून उभा वानरलिंगी सुळका खालूनच बघा. जीवधनाच्या दोन्ही वाटांवर कातळटप्पे आहेत, नवख्याचं काम नाही. किल्ला चढायची हौस उरली असेल तर परतताना चावंड करा. पायऱ्यांना आधाराचे कठडे आहेत, आणि वर सात टाक्यांचा समूह आहे, त्यांना सप्तमातृका म्हणतात. चढउतार धरून तीन तास हाताशी हवेत. तेवढा वेळ नसेल तर जवळच पूर गावातलं कुकडेश्वराचं देऊळ पुरेसं आहे. कुकडी नदीचा उगम तिथलाच मानतात. दारचौकटीवरचं कोरीव काम सावकाश बघा, आणि देवळामागच्या झाडाखाली डबा खा.

वेळ उरलाच तर

ओझर: कुकडीच्या काठी, येडगाव धरणाच्या फुगवट्याशेजारी. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी देवळाचा जीर्णोद्धार करून कळस सोन्याने मढवला असं सांगतात. पुण्याकडे परतताना वाटेवरच पडतं, दर्शन अर्ध्या तासात होतं.

खोडद: नारायणगावच्या पूर्वेला जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. आत जायला आधी परवानगी काढावी लागते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने मात्र सगळ्यांसाठी प्रदर्शन असतं. शाळकरी मुलं असतील तर त्या दिवसाभोवतीच सहल आखा.

नारायणगाव तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या आधी फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. ओतूरला कपर्दिकेश्वर आणि बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे ते हेच. श्रावणी सोमवारी तिथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. मुंबईकरांना परतीच्या रस्त्यावर ओतूर सोयीचं पडतं.

परतीचं

घाटघरहून दिवसाउजेडी निघा. रस्त्यावर गुरं असतात, वळणं अवघड आहेत, आणि रात्री मदत मागायची तर गावं लांब. फोनमधला नकाशा कधीकधी नाणेघाटातून वैशाखरेकडे जवळची वाट दाखवतो. ती पायवाट आहे, गाडीरस्ता नाही. मुंबईच्या गाड्यांना परत जुन्नर, गणेश खिंड, माळशेज असंच जावं लागतं. चालायची तयारी असेल तर दोघा-तिघांनी घाट पायी उतरावा आणि चालकाने गाडी माळशेजमार्गे फिरवून वैशाखऱ्याच्या पुढे हमरस्त्यावर आणावी. उतरायला दोन ते अडीच तास धरा. गाडी नसेल तर त्याच रस्त्यावर कल्याणकडे जाणारी एसटी मिळते, फक्त शेवटची गाडी किती वाजता जाते ते सकाळीच विचारून ठेवा.